एक गट, चार सामने, चोवीस गोल: भारतीय मुलींनी आशिया कपचं दार कसं उघडलं

५ जुलै २०२५. थायलंडमधल्या चियांग माई शहरातलं '७०० वा वर्धापनदिन' स्टेडियम. यजमान थायलंड आणि भारत यांच्या महिला संघांमधला सामना संपला तेव्हा फलकावर आकडे होते, भारत २, थायलंड १. भारतीय मुली मैदानावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडत होत्या. त्या रात्री आपल्याकडच्या बहुतेक घरांत टीव्हीवर क्रिकेट किंवा मालिका चालू होती. त्यामुळे नेमकं काय घडलं, हे अनेकांना दुसऱ्या दिवशी मोबाइलवर कळलं.

घडलं ते असं. भारतीय महिला फुटबॉल संघ एएफसी महिला आशिया कपसाठी पात्रता फेरी खेळून, म्हणजे मैदानावर जिंकून, पहिल्यांदाच पात्र ठरला. याआधी आपण ही स्पर्धा खेळलो नव्हतो असं नाही. पण जुन्या काळी पात्रता फेरीची चाळणी नव्हती. २००३ नंतर आपण एकदाच, २०२२ साली मुख्य फेरीत होतो, आणि तेही यजमान म्हणून. यावेळी कुणी आमंत्रण दिलं नव्हतं. पात्रता कमवावी लागली.

क्रीडा पानावर ही बातमी चार ओळींत संपली. पण त्या बारा-तेरा दिवसांत त्या गटात जे घडलं, ते आईवडिलांनी मुलामुलींना बसवून सांगावं असं आहे.

पाच संघ, जागा एकच

आधी या स्पर्धेची रचना समजून घेऊ. २०२६ चा महिला आशिया कप ऑस्ट्रेलियात आहे आणि त्यात फक्त १२ संघ खेळणार आहेत. यजमान ऑस्ट्रेलिया आणि मागच्या स्पर्धेत वरच्या तीन क्रमांकांवर राहिलेले चीन, दक्षिण कोरिया आणि जपान, हे चौघे थेट आत. उरल्या आठ जागा. त्यांच्यासाठी आशियातले ३४ संघ मैदानात उतरले. त्यांचे आठ गट पाडले आणि नियम ठेवला की प्रत्येक गटातून फक्त पहिला संघ पुढे जाईल. दुसऱ्या क्रमांकाला काहीही नाही.

भारत 'ब' गटात होता. सोबत थायलंड, मंगोलिया, टिमोर-लेस्ते आणि इराक. कागदावर पाहिलं तर निकाल ठरल्यासारखाच होता. फिफा क्रमवारीत थायलंड ४६ वा, भारत ७० वा. थायलंडचा संघ २०१५ आणि २०१९ असे दोन विश्वचषक खेळलेला. शिवाय मैदान त्यांचं, प्रेक्षक त्यांचे, हवा त्यांची. आणि त्याआधी भारताने थायलंडला कधीच हरवलेलं नव्हतं.

तयारीही फार आशादायक वाटत नव्हती. प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री यांच्या हाताखाली मुलींचं बंगळुरूत दीर्घ शिबिर झालं. पण निघण्यापूर्वी उझबेकिस्तानशी तिथेच झालेले दोन्ही मैत्रीपूर्ण सामने आपण ०-१ असे हरलो होतो. अशा अवस्थेत कर्णधार स्वीटी देवीचा संघ चियांग माईला पोहोचला.

तेरा गोल कशासाठी?

२३ जूनला पहिला सामना मंगोलियाशी झाला आणि भारताने तो १३-० असा जिंकला. प्यारी खाखाने एकटीने पाच गोल केले. सौम्या गुगुलोत आणि प्रियदर्शिनी सेल्लादुराई यांनी प्रत्येकी दोन, तर संगीता बासफोर, रिम्पा हलदर, मालविका आणि ग्रेस दांगमेई यांनी एकेक गोल केला.

असा निकाल पाहिला की घरातलं एखादं मूल हमखास विचारतं, "एवढे गोल कशाला करायचे? पाच-सहावर थांबले असते तर? समोरच्यांना किती वाईट वाटलं असेल!" प्रश्न चांगला आहे आणि त्याला उत्तरही आहे. एकच संघ पुढे जाणार असेल, दोन संघांचे गुण सारखे झाले आणि त्यांच्यातला सामनाही बरोबरीत सुटला, तर गोलफरक पाहिला जातो. म्हणजे केलेल्या गोलांमधून खाल्लेले गोल वजा करायचे. थायलंडही मंगोलियाशी खेळणारच होता. त्यांनी दहा गोल केले आणि आपण सहावर थांबलो, तर ते चार गोल शेवटी आपल्या गळ्याशी येणार. त्यामुळे पहिल्या सामन्यातला प्रत्येक गोल म्हणजे अडीअडचणीसाठी बँकेत टाकलेली रक्कम होती. समोरच्या संघाचा मान राखायचा तर शेवटपर्यंत पूर्ण ताकदीने खेळायचं, ही खेळाची रीत आहे. खोटं खोटं खेळणं हाच खरा अपमान.

पुढे थायलंडनेही मंगोलियावर ११ गोल केले. आपली शिल्लक वाया जाणार नव्हती.

पाऊल न घसरू देणं

मोठ्या विजयानंतरचा सामना नेहमी फसवा असतो. २९ जूनला टिमोर-लेस्तेने भारताला सहजासहजी काही दिलं नाही. मनीषा कल्याणने बाराव्या मिनिटाला गोल केला खरा, पण दुसरा गोल यायला ५८ वं मिनिट उजाडलं. तो अंजू तमांगचा. शेवटच्या दहा-बारा मिनिटांत मनीषाने आपला दुसरा आणि लिंडा कोमने चौथा गोल केला, आणि सामना ४-० असा सुटला.

२ जुलैला इराकवर ५-० असा विजय मिळाला. इथली एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. पाच गोल पाच वेगवेगळ्या मुलींनी केले: संगीता, मनीषा, कार्तिका अंगमुथू, निर्मला देवी आणि रतनबाला देवी. पहिल्या तीन सामन्यांत मिळून भारताच्या तब्बल बारा-तेरा खेळाडूंची नावं गोल करणाऱ्यांच्या यादीत लागली. एका हुकमी खेळाडूवर अख्खा संघ टांगलेला नव्हता. प्रतिस्पर्ध्याने एकीला जखडून ठेवलं तर दुसरी पुढे येत होती.

बावीस आणि बावीस

आता गणिताची खरी गंमत. भारताचे तीन सामन्यांतले गोल: १३ अधिक ४ अधिक ५, म्हणजे २२. खाल्लेला गोल एकही नाही. थायलंडचे तीन सामन्यांतले गोल: मंगोलियावर ११, इराकवर ७, टिमोर-लेस्तेवर ४. बेरीज २२. त्यांनीही एकही गोल खाल्लेला नाही. दोघांचे गुण ९. दोघांचा गोलफरक २२. दोघांनी केलेले गोलही २२.

एखाद्या पटकथालेखकाने असं लिहिलं असतं तर आपण म्हणालो असतो, जरा अतीच झालं. पण हे खरं घडलं. त्यामुळे शेवटच्या सामन्याला कुणाचंही पारडं जड नव्हतं. बरोबरी झाली असती तर निर्णय पेनल्टी शूटआऊटवर गेला असता. त्याच पात्रता फेरीत दुसऱ्या एका गटात असंच झालं. नेपाळ आणि उझबेकिस्तान यांचा सामना ३-३ असा बरोबरीत सुटला आणि शूटआऊटमध्ये नेपाळच्या मुलींचं स्वप्न भंगलं.

५ जुलैला २९ व्या मिनिटाला संगीता बासफोरने पेनल्टी क्षेत्राच्या बाहेरून, बऱ्याच लांबून चेंडू मारला आणि तो थेट जाळ्यात गेला. मध्यंतराला भारत १-० ने पुढे. पण खेळ पुन्हा सुरू होऊन जेमतेम दोन मिनिटं झाली आणि चटचवन रोडथोंगने थायलंडला बरोबरी साधून दिली. स्पर्धेत भारताने खाल्लेला हा पहिलाच गोल.

अशा वेळी संघाचा कस लागतो. मैदान समोरच्यांचं, आवाज त्यांचा, नुकताच गोल खाल्लेला आणि अजून त्रेचाळीस मिनिटं खेळायची. आपल्या जुन्या संघांची अशा वेळी पडझड व्हायची. एक गोल खाल्ला की पाठोपाठ दुसरा, तिसरा. यावेळी तसं झालं नाही. गोलरक्षक पंथोई चानू आणि तिच्या पुढची बचावफळी ठाम उभी राहिली. मधल्या फळीने चेंडूवरचा ताबा परत मिळवला. ७४ व्या मिनिटाला कॉर्नरनंतर गोलसमोर आलेल्या चेंडूवर पुन्हा संगीताच धावली आणि तिने हेडर मारून तो आत ढकलला. भारत २, थायलंड १.

उरलेली मिनिटं लांबलचक होती. पण आकडे तेच राहिले. चार सामने, १२ गुण, २४ गोल केले, एक खाल्ला.

त्या दिवशी दोन्ही गोल करणारी संगीता पश्चिम बंगालमधल्या कल्याणीची. नोकरी सशस्त्र सीमा बलात. तिचं काम आहे मधल्या फळीत खेळ बांधायचं, चेंडू अडवायचा, दुसरीकडे पोहोचवायचा. एरवी बातमीत नाव येतं ते आघाडीच्या खेळाडूंचं. त्या दिवशी मात्र सगळा हिशेब तिनेच चुकता केला.

आठ वर्षांपूर्वीचे आकडे

हा विजय किती मोठा, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

एप्रिल २०१७. पुढच्या आशिया कपसाठीची पात्रता फेरी उत्तर कोरियात, प्योंगयांगला होती. भारताचे निकाल असे: उत्तर कोरियाकडून ०-८, दक्षिण कोरियाकडून ०-१०, उझबेकिस्तानकडून १-७. हाँगकाँगवरचा २-० हा एकच विजय. चार सामन्यांत २५ गोल खाल्ले.

त्याआधीची गोष्ट तर आणखी कटू. २००९ च्या सुमारास भारतीय महिला संघाचं नाव फिफाच्या क्रमवारीतूनच गळालं होतं. कारण हरणं नव्हतं. कारण होतं सामनेच न खेळणं. ठरावीक काळ आंतरराष्ट्रीय सामना खेळला नाही की संघ निष्क्रिय धरला जातो. मुली सराव करत होत्या, पण त्यांना खेळायला सामनेच मिळत नव्हते.

दक्षिण आशियात २०१० ते २०१९ पर्यंत सलग पाच वेळा सॅफ स्पर्धा जिंकणारा आपला संघ, पण २०२२ आणि २०२४ साली तिथेही उपांत्य फेरीत नेपाळकडून हरला. दोन्ही वेळा विजेतेपद बांगलादेशने नेलं. म्हणजे चियांग माईला गेलेला संघ शेजाऱ्यांमध्येही पहिला राहिलेला नव्हता. तोच बांगलादेश याच पात्रता फेरीत म्यानमारला त्यांच्याच देशात हरवून पहिल्यांदा आशिया कपमध्ये पोहोचला, हेही सांगायला हवं. आपल्या शेजारच्या मुलीही झपाट्याने पुढे येत आहेत.

विसरलेल्या आज्या-मावश्या

भारतातल्या मुली अलीकडेच फुटबॉल खेळू लागल्या, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. १९७५ मध्ये देशात महिला फुटबॉलची स्वतंत्र संघटना उभी राहिली. त्याच दशकाच्या शेवटी आपल्याकडे कोळिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारतीय संघ अंतिम फेरीत पोहोचला आणि तैवानच्या संघाकडून हरला. १९८१ ला हाँगकाँगमध्ये तिसरा क्रमांक. १९८३ ला बँकॉकमध्ये पुन्हा अंतिम फेरी, समोर थायलंड, आणि ०-३ असा पराभव. त्याच वर्षी शांती मल्लिक ही अर्जुन पुरस्कार मिळवणारी पहिली महिला फुटबॉलपटू ठरली.

हे लक्षात ठेवून २०२५ चा निकाल पाहा. बेचाळीस वर्षांपूर्वी ज्या देशाने त्यांच्या राजधानीत आपल्याला अंतिम सामन्यात हरवलं, त्याच देशात जाऊन आपल्या मुलींनी त्यांना घरी बसवलं.

नव्वदच्या दशकात महिला फुटबॉल अखिल भारतीय फुटबॉल महासंघाकडे आलं. मणिपूरच्या ओइनाम बेमबेम देवीने याच काळात वर्षानुवर्षं संघाचा भार वाहिला. तिला २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली. पण महिलांची राष्ट्रीय लीग, इंडियन वुमन्स लीग, सुरू व्हायला २०१६-१७ उजाडावं लागलं. लीगमुळे मुलींना वर्षातून काही महिने का होईना, सलग सामने मिळू लागले. परदेशी खेळाडूंशी झुंजायची सवय झाली. मनीषा कल्याणसारखी खेळाडू सायप्रसच्या क्लबकडून २०२२ मध्ये युरोपच्या महिला चॅम्पियन्स लीगमध्ये उतरली, तिथे खेळणारी ती पहिली भारतीय. प्योंगयांग ते चियांग माई हा प्रवास असा सामन्यासामन्याने झाला.

महाराष्ट्राचं मैदान

मराठी वाचकांसाठी या गोष्टीत एक दुखरी जागा आहे.

जानेवारी २०२२. महिला आशिया कप महाराष्ट्रात होता. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम, अंधेरीचं मुंबई फुटबॉल एरिना आणि पुण्यातलं बालेवाडी, ही तीन ठिकाणं. यजमान म्हणून भारत थेट मुख्य फेरीत. २० जानेवारीला इराणशी पहिला सामना ०-० असा सुटला. २३ तारखेला चायनीज तैपेईशी सामना होता. पण तोवर भारतीय शिबिरात कोरोना शिरला होता. एकामागून एक मुली बाधित निघाल्या. नियमाप्रमाणे लागणाऱ्या किमान १३ खेळाडूही उभ्या राहू शकल्या नाहीत. सामना झालाच नाही आणि भारताला स्पर्धेतून बाद धरलं गेलं. घरच्या मैदानावर, एकही सामना न हरता, संघ बाहेर पडला. विश्वचषकात जायची ती चालून आलेली संधी होती.

त्या संघातल्या काही मुली २०२५ ला चियांग माईत होत्या. हॉटेलच्या खोलीत बंद होऊन जी स्पर्धा हातातून गेली, तिथे परत जायचा रस्ता त्यांनी स्वतःच्या पायांनी काढला.

त्याच डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये ऑक्टोबर २०२२ मध्ये १७ वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. आणि २ नोव्हेंबर २०२५ ला तिथेच भारताच्या मुलींनी क्रिकेटचा विश्वचषक उचलला. म्हणजे मैदान आपल्याकडे आहे. प्रेक्षक आपल्याकडे आहेत. फुटबॉलचं वेडही आहे. कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर भिडतात तेव्हा शहर दोन भागांत वाटलं जातं. नागपुरात विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलकडे वळवलं, त्यावर नागराज मंजुळेंनी 'झुंड' काढला.

तरीही राष्ट्रीय महिला संघाची यादी वाचली की महाराष्ट्राचा वाटा फार थोडा दिसतो. मणिपूर, बंगाल, ओडिशा, तामिळनाडू, केरळ, तेलंगणा, पंजाब, हरियाणा, छत्तीसगड... नावं तिथून येतात. प्यारी ओडिशाची, सौम्या तेलंगणातल्या निजामाबादची, मनीषा पंजाबमधल्या होशियारपूरची, मालविका केरळची, किरण पिस्दा छत्तीसगडची. बहुतेकींची घरं साधी, गावं लहान. मोठी शहरं, चकचकीत टर्फ आणि महागड्या अकादमी असलेल्या राज्यांमधून मुली का येत नाहीत, हा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

उत्तराचा एक भाग घरात आहे. मुलगा संध्याकाळी सात वाजता गुडघे फोडून आला तर आपण हसतो. मुलगी तशीच आली तर चिंता सुरू होते: काळी पडेल, लागेल, डाग राहील, दहावीचं वर्ष आहे. मणिपूरच्या खेड्यात किंवा हरियाणाच्या अलखपुऱ्यात मुलींचा फुटबॉल ही गावाची सवय झाली आहे. तिथे मुलगी मैदानावर जाते तेव्हा एकटी जात नाही, तिच्याबरोबर दहा जणी जातात. एकटीला अडवणं सोपं असतं, दहा जणींना अडवणं अवघड.

तुमच्या लेकीला खेळायचं असेल तर

नोएडा, गाझियाबाद, गुरुग्रामच्या सोसायट्यांमध्ये राहणारी मराठी कुटुंबं असोत की ठाणे, नाशिक, नांदेडची, काही गोष्टी सगळीकडे सारख्याच उपयोगी आहेत.

- वय सहा ते बारा: या वयात मुलगे-मुली एकत्र खेळले तरी काहीच हरकत नाही. छोटं मैदान, छोटा चेंडू, भरपूर वेळा पायाला चेंडू लागणं महत्त्वाचं. हार-जीत नंतर.
- शाळेला विचारा: दिल्लीत होणाऱ्या सुब्रतो कप या शालेय स्पर्धेत मुलींचाही गट असतो. शाळेत मुलींचा संघ नसेल तर पाच-सहा पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे मागणी करा. एकट्या पालकापेक्षा गटाचं ऐकलं जातं.
- अकादमी निवडताना: मैदान किती चकचकीत आहे यापेक्षा हे पाहा: मुलींची वेगळी बॅच आहे का, प्रशिक्षकांमध्ये कुणी बाई आहे का, कपडे बदलायला आणि स्वच्छतागृहाला नीट जागा आहे का, प्रशिक्षकाकडे परवाना आहे का. भारताची माजी गोलरक्षक अदिती चौहान दिल्लीत वाढली, २०१५ मध्ये इंग्लंडच्या वेस्ट हॅमकडून खेळली आणि जुलै २०२५ मध्ये निवृत्त झाली. तिने मुलींसाठी स्वतःची अकादमी काढली. म्हणजे राजधानीच्या परिसरातूनही वाट निघते.
- गुडघे सांभाळा: वयात आलेल्या मुलींमध्ये गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध फाटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. त्यावर उपाय स्वस्त आहे. फिफाने तयार केलेला 'इलेव्हन प्लस' नावाचा वॉर्म-अप साधारण वीस मिनिटांचा असतो. धावणं, तोल सांभाळणं, उड्या आणि पायांची ताकद, एवढंच त्यात असतं. नियमित केला तर दुखापती कमी होतात. प्रशिक्षक तो करून घेतात का, हे जरूर विचारा.
- ताटात काय आहे: खेळणाऱ्या मुलीला लोह आणि प्रथिनं जास्त लागतात. नाचणी, हिरव्या पालेभाज्या, डाळी, उसळी, शेंगदाणे, गूळ, अंडी, आणि घरात चालत असेल तर मासे-मटण. पालेभाजीवर लिंबू पिळलं तर लोह अंगी जास्त लागतं. जेवणाबरोबर लगेच चहा नको. सतत थकवा येत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्या.
- पाळीच्या दिवसांत: खेळू नये असा कोणताही वैद्यकीय नियम नाही. तिला जमत असेल तर खेळू द्या, फार त्रास होत असेल तर विश्रांती. पण पाळीची अनियमितता वाढली तर डॉक्टरांना दाखवा. कमी खाऊन जास्त खेळल्याचीही ती खूण असू शकते.
- परीक्षेचं वर्ष: खेळ पूर्ण बंद करू नका. आठवड्यातले दिवस कमी करा. वर्षभर तुटलेला सराव पुन्हा जोडणं फार कठीण जातं, आणि मुली कायमच्या खेळ सोडतात त्या बहुतेक याच वळणावर.

पैसा आणि मान

पात्रता मिळाल्यावर फुटबॉल महासंघाने संघाला ५० हजार डॉलर, म्हणजे सुमारे ४३ लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. पथकातल्या तेवीस-चोवीस मुलींमध्येच वाटलं तरी प्रत्येकीच्या वाट्याला दोन लाखही येत नाहीत. त्याच वर्षी विश्वचषक जिंकणाऱ्या महिला क्रिकेट संघाला बीसीसीआयने ५१ कोटी जाहीर केले. तुलना पूर्ण न्याय्य नाही, कारण एकीकडे जगज्जेतेपद आहे आणि दुसरीकडे पात्रता. शिवाय क्रिकेटच्या मुलींनीही वर्षानुवर्षं हालअपेष्टा सोसल्या, तेव्हा कुठे हा दिवस आला. पण त्यांच्या प्रवासातून एक गोष्ट शिकता येते. आधी लोकांनी सामने पाहिले, मग प्रायोजक आले, मग पैसा आला. म्हणजे आपण घरी बसून सामना लावतो, तेव्हा आपणही त्या खेळासाठी काही तरी करत असतो.

आता पुढे काय

२०२६ च्या आशिया कपची सोडत सिडनीत जुलै २०२५ मध्ये निघाली. भारत 'क' गटात आहे, सोबत जपान, व्हिएतनाम आणि चायनीज तैपेई. वेळापत्रकानुसार ४ मार्चला व्हिएतनाम आणि ७ मार्चला जपान, हे दोन्ही सामने पर्थमध्ये. १० मार्चला सिडनीत चायनीज तैपेई.

गट अवघड आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. जपान २०११ चा जगज्जेता. व्हिएतनाम २०२३ चा विश्वचषक खेळून आलेला. तैपेई पूर्वी तीन वेळा आशियाचा विजेता. पण मांडणी नीट पाहा. बारा संघांचे तीन गट आहेत. प्रत्येक गटातले पहिले दोन आणि तिसऱ्या क्रमांकावरचे सर्वोत्तम दोन, असे आठ संघ उपांत्यपूर्व फेरीत जातील. २०२७ चा महिला विश्वचषक ब्राझीलमध्ये आहे आणि आशियातले सहा संघ इथूनच थेट तिथे जाणार आहेत. आणखी दोघांना खंडांतर्गत नव्हे, तर वेगवेगळ्या खंडांच्या संघांमधल्या प्लेऑफची संधी मिळेल. सहा आणि दोन, आठ. म्हणजे जो संघ गटातून बाहेर पडेल, त्याच्यासाठी ब्राझीलचं दार किमान किलकिलं तरी राहणार. भारताने आजवर महिलांचा वरिष्ठ विश्वचषक कधीही खेळलेला नाही.

म्हणून ४ मार्चचा व्हिएतनामशी होणारा पहिला सामना सगळ्यात मोलाचा. जपानकडून हार झाली तरी गोलफरक किती सांभाळला, याला महत्त्व येईल, कारण तिसऱ्या क्रमांकांची तुलना होताना पुन्हा तेच गणित समोर येणार आहे. चियांग माईत गोल कसे मोजायचे हे आपल्या मुली शिकल्या आहेत. यावेळी मात्र करायच्या गोलांपेक्षा वाचवायच्या गोलांचा हिशेब जास्त ठेवावा लागेल.

आणखी एक दिलासा आहे. वरिष्ठ संघ एकटा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये २० वर्षांखालील मुलींनी म्यानमारला त्यांच्याच देशात १-० ने हरवून आपल्या वयोगटाच्या आशिया कपमध्ये जागा मिळवली, तीही दोन दशकांनी. ऑक्टोबरमध्ये १७ वर्षांखालील मुलींनी उझबेकिस्तानला २-१ ने हरवून तेच केलं. एकाच वर्षात तिन्ही संघ पात्र. वरच्या फळीतल्या मुली थकतील तेव्हा जागा घ्यायला खालची फळी तयार होते आहे.

तेव्हा मार्चमधल्या त्या तीन तारखा कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवा. ऑस्ट्रेलियातले सामने आपल्याकडे सोयीच्या वेळेला दिसतात, मध्यरात्री उठायचीही गरज नाही. घरातल्या आजीपासून नातीपर्यंत सगळ्यांनी मिळून पाहा. संगीता, मनीषा, प्यारी, पंथोई, स्वीटी, सौम्या, ही नावं मुलांना पाठ होऊ द्या. आणि सामना संपल्यावर मुलगी चेंडू घेऊन खाली निघाली, तर तिला थांबवू नका. जमलं तर शेजारच्या दोघीतिघींनाही तिच्याबरोबर पाठवा.